दिल्लीची लॉरा, दीड लाख किलोमीटर आणि २५० चा आकडा

इंदूरच्या राजेंद्र नगरच्या एका तरुणाने विचारलंय: "दिल्लीत २०१२ ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, मॅन्युअल गिअरची, १,४८,००० किलोमीटर चाललेली, ३ लाख ७५ हजारांना मिळतेय. माझं एकूण बजेट ६ लाख. घेऊन ट्यून करायची, २५० हॉर्सपॉवरपर्यंत न्यायची. मित्र म्हणतात एवढी चाललेली गाडी घेऊच नको. घेऊ का?"

मी इंदूरला एकवीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली निम्मी टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्यांच्या खाली झोपण्यात गेली. सरळ सांगतो. तुमचे मित्र १,४८,००० ला घाबरतायत, मी तुमच्या २५० ला घाबरतो. किलोमीटरचा बंदोबस्त करता येतो. पण ६ लाखांतून ३.७५ गेले की उरलेले सव्वादोन लाख तुम्ही मनातल्या मनात पॉवरवर खर्च करून टाकलेत, आणि त्या पैशावर पहिला हक्क गाडीच्या म्हातारपणाचा आहे. तेव्हा गाडी घेऊ का, हा प्रश्न बाजूला ठेवा. ही गाडी आधी कंपनीने दिली तशी १६० हॉर्सपॉवरची करायला किती लागतील, ते काढू. त्यानंतर काही उरलं तर ट्यूनिंगचं बोलू.

मित्रांच्या भीतीचं आधी उरकतो. १,४८,००० भागिले १३ वर्षं, म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार किलोमीटरच्या आत. हे काही टॅक्सीचं रनिंग नाही. आणि इंजिन झिजतं ते तासांवर. समजा ही गाडी बहुतेक हायवेवर चालली, सरासरी ताशी ६० धरा, तर इंजिन सुमारे २,४७० तास फिरलं. शेजारच्याची ६०,००० च चाललेली गाडी, पण सगळी शहराच्या जाममध्ये, सरासरी २० ने. ती ३,००० तास फिरली. वर दर चार किलोमीटरला थंड इंजिन सुरू करणं, गरम टर्बो तसाच बंद करणं, क्लचवर पाय ठेवून सिग्नलला उभं राहणं. मला निवडायला सांगितलं तर मी पहिली उचलेन, पण ती खरंच हायवेवर चालली होती हे कागदावर दिसलं तरच. हायवे तर प्रत्येक विकणारा सांगतो.

मीटरवर विश्वास नको. २००९ साली मी स्वतःसाठी दिल्लीहून एक टर्बो सेडान आणली, मीटर ६८,००० दाखवत होतं. ग्वाल्हेर ओलांडून शिवपुरीकडे निघालो आणि ऑइलचा लाल दिवा लागला. डिपस्टिक काढली तर टोकाला नुसता ओलावा. घरी आणून स्पेअर व्हीलखालचा गालिचा उचलला तेव्हा टायरच्या दुकानाची जुनी पावती सापडली, तिच्यावर १,३१,००० लिहिलेलं. मीटर मागे फिरवणारा पावती काढायला विसरला होता. तेव्हापासून मी गाडी बघायला गेलो की आधी गालिचा उचलतो, बोनेट नंतर.

तुमच्या बाबतीत सोय बरी आहे. या गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये फॉल्ट साठवला जातो तेव्हा पुष्कळदा त्या क्षणाचे किलोमीटरही सोबत नोंदले जातात. चांगल्या स्कॅनरने सगळी युनिट्स वाचली आणि एखादा जुना फॉल्ट १,९०,००० ला नोंदलेला दिसला, तर १,४८,००० ही थाप आहे. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी मागवा. विम्याच्या जुन्या पॉलिसी बघा, मागच्या वर्षांत क्लेम झाला होता का ते नो-क्लेम बोनसच्या टक्क्यांवरून कळतं.

आता ही गाडी प्रत्यक्ष कशी बघायची. मालकाला आदल्या रात्री सांगा की सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. पोहोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या आणि तीन तास थांबा, किंवा परत फिरा. या घराण्यातल्या त्या काळच्या इंजिनांची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी, ज्या टेन्शनरवर ताणलेली असते, त्याचा जुना प्रकार कमजोर निघाला होता. नंतर सुधारित टेन्शनर आला. जुना असेल तर थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद समोरच्या बाजूने खडखडाट येतो, डब्यात खिळे हलवल्यासारखा. ऑइलचं प्रेशर चढलं की आवाज गायब, म्हणून गरम इंजिनावर काहीच कळत नाही. सैल चेन एक-दोन दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेड उतरवावं लागतं आणि तुमचं बजेट तिथेच संपतं. आवाज आला तरी गाडी बाद नाही. चेन, टेन्शनर, गाइड आणि मजुरी मिळून माझ्याकडे साठ हजारांच्या आसपास जातात, ते किमतीतून वळते करायचे.

दुसरी गोष्ट, ऑइल. याच पिढीच्या इंजिनांतल्या ऑइल रिंग बारीक आहेत. त्या चिकटल्या की इंजिन ऑइल खायला लागतं. १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत कंपनीच्या हिशेबात चालतं, माझ्या हिशेबात ट्यून करायच्या गाडीला चालत नाही. अर्धा तास चालवून आणा, गाडी सुरू ठेवूनच थांबा, तीन-चार मिनिटं आयडलवर राहू द्या, मग मित्राला मागे उभा करून जोरात रेस द्या. निळसर धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. मग स्पार्क प्लग काढून बघा. चारपैकी एखाद्याच प्लगवर काळपट ओला थर असेल तर रोग एका सिलिंडरचा आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं, कराच. नुसता आकडा बघू नका, चारही सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी निश्चिंत, पंधराच्या पुढे गेला तर मी त्या इंजिनावर बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) वाढवायला नकार देतो, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. शक्य असेल तर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून भिंतींवरच्या उभ्या रेघा बघून घ्या.

बाकी झटपट: इनटेकच्या मागे कूलंट सुकल्याचे गुलाबी पांढरट डाग म्हणजे वॉटर पंपाचं प्लास्टिक घर गळतंय. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडताना ते खूप ओढल्यासारखं वाटलं किंवा शिट्टी वाजली तर ब्रीदर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय, हे किरकोळ. तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमला पूर्ण पाय दाबा. आरपीएम चढतो पण गाडी चढत नाही, असं झालं तर क्लच संपलाय. क्लच सोडताना खालून घरघर आली तर ड्युअल-मास फ्लायव्हीलही (क्लचला लागून असलेलं, धक्के शोषणारं जड चाक) गेलंय, आणि ते स्वस्त नाही.

याच ठिकाणी तुमची एक गोष्ट मला आवडली, ती म्हणजे मॅन्युअल गिअर. पुढच्या पिढीची ऑक्टेव्हिया १.८ बघितलीत तर ती ७ गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीसोबत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत मिळते. तो गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच्या (टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर) इंजिनांसाठी बनवलेला, आणि ते इंजिन कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर देतं. टॉर्क वाढवायला तिथे जागाच नाही. लोक तरी मॅप (इंजिनाच्या संगणकात पॉवर वाढवणारा प्रोग्राम) टाकतात, आणि वर्षभरात मेकॅट्रॉनिक (त्या गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) आणि क्लचचं बिल भरतात. मॅन्युअलला क्लच घसरेल, बदलाल, पुढे जाल.

आता २५० चं. तुमच्या गाडीवरचा टर्बो छोटा आहे, के-०३ जातीचा. चांगला स्टेज १ मॅप, म्हणजे सुटे भाग न बदलता नुसता प्रोग्राम, टाकला की १६० चे दोनशेच्या आसपास होतात, आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटरवरून तीनशेच्या वर जातो. गाडी चालवताना जी मजा येते ती या टॉर्कचीच असते. स्टेज २ ने त्यात थोडीच भर पडते. या टर्बोवर २५० मागितलेत तर तो नुसती गरम हवा फेकत बसेल. २५० साठी मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, इंधनाची वाढीव सोय आणि क्लच, असा सगळा संसार बदलावा लागतो. तो खर्च तुमच्या सव्वादोन लाखांत बसत नाही. कोणी बसवून देतो म्हणाला तर आधी त्याच्या दुकानाबाहेर किती गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत ते मोजून या.

इंदूरला वेगाचं वेड नवीन नाही म्हणा. दुसऱ्या यशवंतराव होळकरांकडे १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी होती, आठ सिलिंडरचं सुपरचार्ज्ड इंजिन, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी. फक्त महाराजांना पगाराच्या तारखेची वाट बघावी लागत नव्हती.

स्टेज २ ला मी आणखी एका कारणाने नाही म्हणतो. त्यात बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप टाकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नमुन्यात फेरफार करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मॅप आरसीवर दिसत नाही, एवढ्याने तो नियमात बसत नाही. विमा कंपनीला कळवला नाही तर अपघातानंतर क्लेम अडकायला तेवढं पुरतं. शिवाय तुमची गाडी २०१२ ची. २०२७ ला १५ वर्षं पूर्ण होतील, फिटनेस दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागेल, तेव्हा आरटीओचा माणूस गाडीखाली वाकून बघणार. काढलेले मूळ भाग विकू नका, पेटीत भरून माळ्यावर ठेवा.

आणि दिल्लीची गाडी स्वस्त का, तेही याच हिशेबात आहे. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते, म्हणून मालकाला घाई आहे. ती घाई तुमच्या सौद्यात दिसली पाहिजे. दिल्ली आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलाचे २९ आणि ३०, कर्ज होतं तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे आणल्यावर मध्य प्रदेशचा कर नव्याने भरावा लागतो. तो किती येईल ते आधी इथल्या आरटीओतून काढून घ्या आणि गाडीच्या किमतीतच धरा. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका.

मग माझा हिशेब असा. वरच्या तपासण्यांत इंजिन पास झालं, चेन मात्र करावी लागणार, असं धरू. चेनचे साठ हजार. क्लच आणि फ्लायव्हील मिळून पाऊण लाख. चार टायर तीस ते पस्तीस हजार; आहेत त्यांच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते रबर मी बूस्टच्या गाडीवर ठेवणार नाही. शॉकअप, बुश, इंजिन माउंट पन्नास हजार. इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करणं (या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, म्हणून पापुद्रे साचतात), कॉइल, प्लग, सगळी तेलं आणि पट्टे मिळून तीस. इथेच अडीच लाख झाले, आणि अजून एकही हॉर्सपॉवर वाढलेला नाही. कर वेगळा. म्हणून ३.७५ ला ही गाडी मी घेणार नाही. पावणेतीनपर्यंत आली आणि कॉम्प्रेशन चांगलं निघालं, तर घ्या. क्लच नुकताच बदलल्याचं बिल असेल तर तीन.

हे आकडे माझ्या गॅरेजचे आहेत. सुटे भाग कुठून आणता, मजुरी कोणाची, यावर वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होईल. त्याहून जास्त फरक दुसऱ्याच गोष्टीने पडतो, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. ही तुमची एकच गाडी असणार का? रोज सकाळी आठला पिथमपूरच्या कंपनीत पोहोचायचं असेल आणि दारात दुसरं काही नसेल तर माझं उत्तर साफ नाही असं आहे. अशी गाडी वर्षातून तीन-चार आठवडे तरी जॅकवर असते, एखाद्या सेन्सरसाठी दहा दिवस कुरिअरची वाट बघत. घरात एखादी स्कूटर किंवा वडिलांची अल्टो असेल तर गोष्ट वेगळी.

घेतलीत तर क्रम मात्र माझा पाळा. पहिले सहा महिने काहीही ट्यून करायचं नाही. दर रविवारी थंड इंजिनावर डिपस्टिक बघायची, वहीत किलोमीटर आणि ऑइलची पातळी लिहायची. मग ब्रेक: नवं डॉट ४ ऑइल, चांगले पॅड, जुने नळ बदलून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असला तरी पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. हे मला भेरू घाटात कळलं, खांडव्याला जाताना, उतारावर पेडल खालपर्यंत गेलं तेव्हा. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत कडेला थांबलो. त्या गाडीला मी पंधरा दिवसांपूर्वीच मॅप टाकला होता, ब्रेक ऑइल मात्र 'पुढच्या सर्व्हिसला' म्हणून ठेवलं होतं.

ब्रेकनंतर कूलिंग, आणि सगळ्यात शेवटी मॅप. तो टाकताना ट्यूनरला एक अट घाला: मे महिन्यात, दुपारी तीनला, तुम्ही रोज भरता त्याच पंपाच्या पेट्रोलवर लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घ्यायचा. डिसेंबरच्या थंडीत, महागड्या १०० ऑक्टेनवर बसवलेला मॅप कागदावर देखणा दिसतो. उन्हाळ्यात इंटरकूलर तापला की तेच इंजिन ठोके देऊ लागतं, आणि संगणक टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढत राहतो. ज्या मॅपमध्ये मेच्या दुपारीही टायमिंग फारसं मागे सरकत नाही, तो १९० चाच असला तरी मला चालतो. इथेनॉलचंही लक्षात ठेवा. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, तुमची गाडी त्या काळाआधीची आहे. इंधनाचे रबरी नळ आणि सील आधी बदलून घ्या, म्हणजे बोनेटखाली पेट्रोलचा वास येणार नाही.

चाचणीसाठी रात्री बायपासवर जाऊ नका. पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे हे खरं, पण तो कंपन्यांच्या वाहन-चाचण्यांसाठी बांधलाय, रविवारी पोहे-जिलेबी खाऊन आपण गाडी घेऊन आत शिरावं असा नाही. डायनो (गाडी रोलरवर चालवून पॉवर मोजणारं यंत्र) असलेलं दुकान शोधा. तिथे पट्ट्याने बांधलेली गाडी कोणाच्या अंगावर जात नाही.

तूर्त एवढं करा. मालकाला फोन करून उद्या सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारायला सांगा. बोनेट उघडं, मोबाइल इंजिनाच्या समोरच्या बाजूला धरून, सेल्फच्या आधीपासून दहा सेकंद रेकॉर्डिंग. मीटरचा फोटो त्याच व्हिडिओत, तापमानाचा काटा तळाला आहे हे दिसलं पाहिजे. तो व्हिडिओ मला पाठवा. आणि मालक "गाडी एकदम टिचन आहे, व्हिडिओ कशाला" म्हणाला, तर दिल्लीचं तिकीट काढू नका.